खरी नक्कल

बदलीच्या नोकरीत जन्म काढलेल्या माणसाची स्थावर मालमत्ता बहुधा शून्य असते. त्याची जंगम मालमत्ता म्हणजे पेट्या. भिंती सरकारच्या, छप्पर सरकारचे, आणि आपण हौसेने लावलेली बोगनवेलसुद्धा फुलू लागते ती मागाहून येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी. आपले म्हणून जे काही असते ते पेटीत मावणारे असावे लागते. जे मावत नाही ते दोन बदल्यांत परके होते. म्हणूनच परप्रांतात वावरणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांचा पेटी ह्या वस्तूवर जो जीव असतो, तो दादरला किंवा कोथरूडला स्वतःच्या घरात राहणाऱ्या आप्तांना समजावून सांगणे कठीण. आमच्याकडे एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात आमचे नाव आणि त्याखाली गाव लिहिलेले आहे. बदली झाली की जुन्या गावावर काळ्या रंगाचा हात फिरवावयाचा आणि वर नवे गाव लिहावयाचे, अशी आमच्याकडील रीत. उन्हात तिरपी धरली तर रंगाच्या थरांखालून इटारसी आणि बिलासपूर अजून वाचता येतात. सर्वांत वरचे गाव भिलाई.

ह्या पेट्यांच्या पंक्तीत १९९४ साली एक नवी पेटी येऊन बसली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून घेतलेला संगणक, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या रकमेने विकत घेऊन, आम्ही हावडा मेलने दुर्ग स्थानकावर उतरविला. ज्या पत्र्याच्या पेटीला कारागीर कॅबिनेट म्हणतात, तिला आपल्याकडे घरोघर ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात आहे. खरे पाहता ते नाव आत बसणाऱ्या, पत्त्याच्या पानाहून लहान अशा चौकोनी चिपेचे; परंतु लोकांनी देवळालाच देव म्हणावयाचे ठरविले आणि ते रूढ झाले. आमची पेटी उभी, फिकट बदामी रंगाची. दर्शनी बाजूस फ्लॉपीच्या दोन फटी, एक जाडजूड बटण, ‘टर्बो’ असे लिहिलेले दुसरे बटण, हिरव्या आकड्यांची दोन घरे, आणि एक गोल कुलूप. त्या कुलपाची किल्ली आमच्या सौ.च्या जुडग्यात गेली आणि तेथेच राहिली.

पेटीने घरात काय काय केले ह्याची जंत्री मोठी आहे. मुलीने आज्ञावली लिहिण्याचे पहिले धडे तिच्यावर गिरविले आणि त्याच बळावर ती पुढे पुण्यास गेली. येथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका तिच्यावर तयार झाल्या. आमच्या मातोश्री त्या काळी आमच्याकडे होत्या. दुपारची जेवणे आटोपली की त्या शेजारच्या आरामखुर्चीत बसून माहेरच्या जात्यावरल्या ओव्या आठवून आठवून म्हणत, आणि सौ. त्या टंकित करीत. यंत्रातल्या पंख्याच्या घरघरीत ओवी बुडू नये म्हणून मातोश्री आवाज चढवीत. जात्याच्या घरघरीवर आवाज चढविण्याची त्यांना पूर्वीपासूनच सवय होती, एवढेच.

पुढे दुसरा संगणक आला, तिसरा आला. ओव्यांची बाडे कागदावर छापून निघाली, मुलीच्या नव्या यंत्रावर गेली. थोडक्यात, पेटीतले सारे काही केव्हाच बाहेर आले होते. पेटी मागच्या व्हरांड्यात गेली आणि तेथे वीस पावसाळे उभी राहिली. २०२४ च्या पावसाळ्यानंतर आम्ही सेक्टरमधले घर सोडून लहान जागेत जाण्याचे ठरविले, तेव्हा भंगारवाला आला. भिलाईसारख्या पोलादाच्या नगरीत लोखंडाची किंमत माणसे कशी करतात हे सांगावयास नको. त्याने काट्याचा आकडा पेटीच्या झाकणाला अडकविला, तेव्हा ती टाकून देण्याविषयी आठ दिवस आमच्या मागे लागलेल्या सौ.च म्हणाल्या, “थांबा जरा.” का, ते त्यांना सांगता आले नाही. आम्हांसही विचारता आले नाही.

येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकविणारा आमचा भाचा त्या रविवारी आला. त्याने पेटी उघडली. जुन्या यंत्रांत तारीखवेळ जपण्यासाठी मुख्य फलकावर एक लहानशी निकेल-कॅडमियमची बॅटरी डाखवलेली असे. ती कालांतराने पाझरते आणि तिच्यातला क्षार फलकावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. तसेच झाले होते. तळाचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. समोरच्या प्लास्टिकच्या चौकटीचा एक खटका बोट लावताच बिस्किटासारखा तुटला. सर्व पाहून झाल्यावर भाचा म्हणाला, “मामा, आतलं काही उरलं नाही आणि बाहेरचंही टिकणार नाही. पण मापं अजून शाबूत आहेत.”

त्या एका वाक्याने पुढचे सहा महिने आमच्या घरात व्हर्नियर, कर्कटक आणि पत्र्याच्या कातरणी फिरत राहिल्या. मापे शाबूत असतील तर पेटी पुन्हा घडविता येईल आणि आत आजचा संगणक बसविता येईल, असा त्याचा बेत. आमची शंका एवढीच होती की, आतलेही नवे आणि बाहेरचेही नवे, तर मग जुने म्हणावयाचे ते कशाला?

जुन्या संगणकांच्या पेट्या नव्याने घडविण्याचा हा व्यवहार जगात बराच चालतो, हे भाच्याने आम्हांस दाखवून दिले. सुरुवातीला पेटी ही ग्राहकाची बाब होती. १९७६ साली अॅपल कंपनीचा पहिला संगणक निघाला तो पेटीविनाच; अशी सुमारे दोनशे यंत्रे तयार झाली आणि ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे त्यांना घर दिले, कोणी लाकडाचे तर कोणी पत्र्याचे. पुढे पेटीलाही कर्ता लाभला. १९८२ साली इंग्लंडात निघालेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमची पुस्तकाएवढी काळी पेटी, तिच्यावरच्या रबरी कळा आणि कोपऱ्यातले रंगीत पट्टे रिक डिकिन्सन ह्यांच्या कल्पनेतून उतरले. त्याच घराण्यातले कठीण कळांचे यंत्र १९८४ साली आले, आणि १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीने ते परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ ह्या नावाने भारतात आणले. त्यावर हात बसलेली मंडळी आपल्या वाचकांतही असतील. २०१७ साली लोकवर्गणीतून स्पेक्ट्रमचा नवा अवतार करावयाचे ठरले, तेव्हा पेटी आखण्याचे काम पुन्हा डिकिन्सन ह्यांच्याकडेच आले. त्यांनी हुबेहूब प्रत काढली नाही. त्याच वळणाची नवी पेटी आखली. यंत्र ग्राहकांच्या हाती पडू लागले ते २०२० मध्ये; त्याआधीच, २०१८ च्या एप्रिलात, डिकिन्सन वारले होते.

हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग साच्याचा. कमोडोर ६४ ह्या संगणकाच्या एका आवृत्तीचे मूळ पोलादी साचे कंपनी बुडाल्यानंतरही कोठे तरी पडून होते. ते एका उत्साही माणसाच्या हाती लागले आणि २०१५ च्या सुमारास त्यांतून नव्या पेट्या पुन्हा ओतल्या गेल्या. साचा मूळचा, प्लास्टिक ताजे. तिसरा मार्ग केवळ चेहऱ्याचा. तैवानच्या सिल्व्हरस्टोन कंपनीने २०२३ च्या १ एप्रिलला, लोकांना गंमत वाटावी म्हणून, जुन्या बदामी वळणाच्या आडव्या पेटीचे चित्र प्रसिद्ध केले. लोकांनी थट्टा मनावर घेतली. कंपनीला ती पेटी खरोखरच काढावी लागली, आणि २०२५ साली कुलूप व टर्बो बटण असलेली उभी पेटीही तिने प्रदर्शनात मांडली. ह्या पेट्यांच्या आत सर्व काही आजचे. फ्लॉपीची फट दिसते ती केवळ झाकणापुरती.

अर्थात सर्वच जुन्या पेट्या अशा घडविता येतील असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक ह्या संगणकाचा पोलादी सांगाडा सुमारे १८ फूट लांब आणि ८ फूट उंच होता. त्याची प्रत काढावयाची तर आधी मोठे घर काढावे लागेल.

आमच्या पेटीला ह्यांपैकी कोणताच मार्ग पुरा लागू नव्हता. तिचा कर्ता अज्ञात. अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला संगणक काढला आणि १९८४ च्या आवृत्तीत दर्शनी कुलूप बसविले. ते पाहून तैवानातील कारखान्यांनी आपापल्या पेट्या काढल्या. त्या पाहून आणखी कोणी काढल्या. आणि त्यांतली एक लॅमिंग्टन रोडवर येऊन आमची झाली. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल. सौ.नी हे ऐकून एवढेच म्हटले, “म्हणजे ओवीसारखंच की. कुणी केली ते ठाऊक नाही. जिच्या तोंडी बसली ती तिची.” भाच्याला हा युक्तिवाद अभियांत्रिकीत बसणारा वाटला नाही, पण आमची शंका तिने निम्म्याने कमी केली.

सरकारी सवयीप्रमाणे आम्ही एक फाइल उघडली आणि तिच्यात तीन रकाने आखले: ‘जसेच्या तसे’, ‘बदलून’ आणि ‘मुळीच नको’. पेटी आखण्याची सारी विद्या ह्या तीन रकान्यांत कोणती बाब कोठे लिहावयाची एवढ्यातच आहे, असे आता आमचे मत झाले आहे.

‘मुळीच नको’ हा रकाना सर्वांत लवकर भरला. जुन्या पेटीचा पत्रा कापून तसाच सोडलेला असे. आत हात घालणाऱ्या प्रत्येकाचे रक्त तिने एकदा तरी चाखलेले होते. त्या कडा नव्या पेटीत दुमडून घ्यावयाच्या असे ठरले. दुसरी बाब विजेची. जुन्या पद्धतीत समोरचे बटण म्हणजे साक्षात २३० व्होल्टचा दाब तोडणारा-जोडणारा खटका असे, आणि त्याची जाड तार पेटीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरविलेली असे. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स हे नवे मानक आणल्यावर ही पद्धत मागे पडली. आता बटण केवळ सौम्य दाबाची एक खूण करते आणि उरलेले काम विद्युतपुरवठ्याची पेटी स्वतः करते. जुन्याच्या प्रेमापायी घरात विजेचा धक्का आणणे कोणालाच मान्य नव्हते.

परंतु येथेच पहिला पेच पडला. नवे बटण दाबले की हळूच परत येते. जुने बटण दाबले की ‘खट्ट’ करून आत रुतून बसे, आणि तो आवाज ऐकला की स्वयंपाकघरातल्या माणसाला कळे, पोर अभ्यासाला बसली. तो ‘खट्ट’ कोणत्या रकान्यात घालावयाचा? भाच्याने तोड काढली. रुतून बसणारे जुने बटण ठेवले, आणि ते आत जाताना व बाहेर येताना एकेक क्षणिक खूण देणारे लहानसे मंडल मध्ये घातले. बाब ‘बदलून’ ह्या रकान्यात गेली, आवाज ‘जसेच्या तसे’ मध्ये. त्या दिवसापासून आम्हांस अंधुक दिसू लागले की, प्रत काढावयाची ती वस्तूची नसून वस्तूने आपल्या हाताकानांना लावलेल्या सवयीची.

पत्र्याची कथा वेगळी. भिलाई म्हणजे पोलाद. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, हे येथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. तेव्हा पत्रा दारातच मिळेल असा आमचा समज. पण भिलाईत घडतात ते रेल्वेचे रूळ, तुळया, सळ्यांची वेटोळी आणि जहाजाला लागणाऱ्या जाड प्लेटी. पेटीला लागणारा मिलिमीटरभर जाडीचा थंड लाटलेला पत्रा राउरकेल्याकडून आणि बोकारोकडून येतो. गंगेकाठी राहून पाण्याची बाटली विकत घ्यावी तसे झाले. औद्योगिक वसाहतीत विजेच्या फलकांच्या पेट्या करणारा एक छत्तीसगढी मिस्त्री भाच्याच्या ओळखीचा होता. एक मिलिमीटरहून पातळ पत्र्याची पेटी करावयाची म्हणताच त्याने हे काम डबेवाल्याकडे न्यावे असे सुचविले. शेवटी तो राजी झाला, आणि काम पाहताना आम्हांस एक नवा हिशेब कळला. पत्रा वाकविला की वाकेच्या बाहेरच्या अंगाला तो ताणला जातो. म्हणून सपाट पत्रा कापताना बाहेरच्या मापांची नुसती बेरीज करून चालत नाही. प्रत्येक काटकोनी वाकेमागे पत्र्याच्या जाडीच्या दुपटीला थोडी कमी इतकी वजावट करावी लागते. चार वाका असतील तर चार वजावटी. मिस्त्रीला हे सूत्र ठाऊक नव्हते. त्याच्या अंगठ्याला ठाऊक होते. त्याने आधी एक तुकडा वाकवून पाहिला, आणि मग भाच्याच्या संगणकाने काढलेल्या मापातून अर्धा मिलिमीटर काढून टाकला. पेटी बसली.

दर्शनी चौकट हे खरे अवघड प्रकरण. कारखान्यात ती पोलादी साच्यात प्लास्टिक दाबून करतात. एकच नग हवा असेल तर साच्याच्या खर्चात चार संगणक येतील. म्हणून भाच्याने ती त्रिमितीय मुद्रणयंत्रावर थराथराने रचावयाचे ठरविले. त्याचे यंत्र लहान. चौकट दोन तुकड्यांत करावी लागली, आणि सांधा वरच्या दोन खणांमधल्या आडव्या खाचेत असा लपविला की, सांगितल्यावरही सापडू नये. खणांची मापे मात्र जशीच्या तशी: झाकण सुमारे १४६ मिलिमीटर रुंद आणि ४१ मिलिमीटरहून किंचित उंच. ही मापे फ्लॉपीच्या जमान्यात ठरली आणि फ्लॉपी गेल्यावरही टिकली. पहिली चौकट मक्यापासून मिळणाऱ्या पीएलए प्लास्टिकची केली. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात भिलाईचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली चौकट दोन दुपारींत पापडासारखी वळली. दुसरी चौकट एएसए ह्या प्लास्टिकची केली; ते ऊन आणि उष्णता दोन्ही सोसते. पुढे लांबी भरणे, घासणे, पुन्हा भरणे, पुन्हा घासणे. मुद्रणाच्या थरांच्या रेषा बोटाला लागेनाशा होईपर्यंत दसरा येऊन गेला.

आणि मग रंगाचा प्रश्न उपस्थित झाला. त्यावर आमच्या घरात खरीखुरी फूट पडली.

जुन्या संगणकांचे प्लास्टिक कालांतराने पिवळे पडते. प्लास्टिकात आग लागू नये म्हणून मिसळलेली ब्रोमीनची संयुगे, सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू ह्यांच्या संगनमताने ते घडते असे मानतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप देऊन उन्हात ठेवले की पिवळेपणा उतरतो, ही युक्ती २००८ च्या सुमारास हौशी मंडळींत पसरली. परंतु उतरलेला रंग पुष्कळदा परत चढतो. आमची चौकट हळदीच्या हाताने पुसल्यासारखी झाली होती. भाच्याचे म्हणणे, मूळ रंगच खरा. सौ.चे म्हणणे, “मूळ रंग दुकानातला. मी रोज पाहिला तो हा.” दोघांचीही बाजू बिनतोड होती. सासूबाई शेजारी बसून ओव्या सांगत तेव्हा पेटी पिवळसर पडू लागली होती. ती आठवण बदामी रंगात रंगवावयाची कशी?

निकाल लावला तो एका जुन्या चिठ्ठीने. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर दुकानदाराची कागदी चिठ्ठी चिकटलेली होती. भाच्याने ती कोमट पाण्याने सोडविली, आणि खाली बोटभर जागेत १९९४ सालचा रंग ताजा निघाला. त्या बोटभर तुकड्यावरून रंगारी मिसळणी करून देईना. विसाव्या खेपेस जमली. सौ.नी तो रंग पाहिला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि म्हणाल्या, “ह्याच रंगाचा कर. पिवळा व्हायचा तर होईल आपला आपण. त्याचं म्हातारपण आपण कशाला रंगवायचं?” आम्ही आयुष्यात पुष्कळ निर्णय लेखी घेतले आहेत, इतका नेमका एकही नव्हता.

हिरव्या आकड्यांचा वाद त्यामानाने लवकर मिटला. टर्बो बटण दाबले की जुन्या पेटीवर ३३ चे ६६ होत, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना आम्ही ते अभिमानाने दाखवीत असू. भाच्याने आता सांगितले की, ते आकडे काहीही मोजत नसत. दुकानदार मागच्या बाजूला लहान लहान पिना जोडून जो आकडा लावून देई, तोच समोर दिसे. त्याने ९९ लावले असते तर ९९ दिसले असते. बटणाचे मूळ प्रयोजनही यंत्र जलद करण्याचे नसून हळू करण्याचे होते. १९८१ च्या मंद यंत्रासाठी लिहिलेले काही कार्यक्रम जलद यंत्रावर बेफाम धावत, त्यांना लगाम घालावा म्हणून. सरकारी अहवाल वाचण्यात हयात गेलेल्या आम्हांस कोठेही न मोजलेल्या आकड्यांचे नवल वाटावयाचे कारण नव्हते. तरीही निवृत्तीनंतर घरात एक तरी आकडा खरा असावा असे वाटले. नव्या पेटीवर तेथे आतले तापमान दिसते; आणि टर्बो बटण दाबले की पंखे जोरात फिरून ते खाली येते. आजचा संगणक जुन्याच्या कितीतरी पट तापतो. म्हणून तळाला आणि चौकटीच्या मागे, समोरून दिसणार नाहीत अशी भोके पाडून वाऱ्याला वाट करून दिलेली आहे.

राहिले कुलूप. ते आम्ही जुनेच बसविले. एवढ्या खटाटोपात जुन्या पेटीतून नव्या पेटीत गेलेली ती एकच वस्तू. त्याने कळफलक बंद करण्यापलीकडे पूर्वीही काही होत नसे, आणि तसल्या किल्ल्या एकाच वळणाच्या शेकड्यांनी निघत. पण आमची किल्ली तीस वर्षे जुडग्यात वाजत होती. तिला एक दार हवे होते.

पेटी उभी राहिली, आणि आमची मूळची शंका पुन्हा समोर उभी राहिली. भिलाईत राहणाऱ्याला ह्या शंकेची उत्तरे गावातच मिळतात, असे आमच्या ध्यानात आले. झोतभट्टीच्या आतले उष्णतारोधक विटांचे अस्तर काही वर्षांनी झिजते. भट्टी थंड करून ते सारे पाडतात आणि नवे बांधतात. आतले संपूर्ण नवे झाले तरी तिचा क्रमांक बदलत नाही. येथले उत्कलवासी बांधव रथयात्रा काढतात, त्यांच्या पुरीच्या जगन्नाथाचे नेमके उलट. नवकलेवराच्या वर्षी, जसे ते १९९६ साली आणि पुढे २०१५ साली आले, देवाचा लाकडी देह सर्वस्वी नवा घडविला जातो. आतला ब्रह्मपदार्थ तेवढा जुन्या देहातून नव्यात नेतात, आणि तोही डोळे बांधून, रात्रीच्या काळोखात. एका ठिकाणी कवच जुने, गाभा नवा. दुसऱ्या ठिकाणी कवच नवे, गाभा जुना. आणि आमचा गणपती? दुर्गजवळच्या थनौद गावचे मूर्तिकार दर वर्षी नवी माती घेतात. माती नवी, रंग नवा, वस्त्र नवे; गेल्या वर्षीचे काहीएक त्यात नसते, ते तर आपणच पाण्यात सोडून आलेलो असतो. तरी अमुक वर्षीचा गणपती दुसराच होता असे कोणी म्हणत नाही. घडण तीच, आरतीला उभी राहणारी माणसे तीच. तेवढ्यावर तो तोच असतो.

आमच्या पेटीचे नाते तिसऱ्या प्रकाराशी आहे. तिच्यात जुना गाभा नाही आणि जुने कवचही नाही. जुनी आहे ती घडण, आणि तिला ओळखणारी दोन-चार माणसे. ती माणसे गेल्यावर ही पेटी केवळ एक चमत्कारिक आकाराची पेटी राहील, हे आम्ही जाणतो. मातोश्री आता नाहीत. त्या असत्या तर त्यांना पंख्याचा आवाज फार हळू वाटला असता. परप्रांतात जन्म घालविलेल्या आम्हां मंडळींना ह्यात नवे असे काही नाही. आम्ही आमच्या गावाहून फार थोडे बरोबर आणले होते. बाकीचे येथल्या मातीचे, येथल्या पाण्याचे, येथल्या बाजारातले घेऊन त्याच घडणीत बसविले. पुरणपोळीचे पुरण येथल्या डाळीचे, गौरीचे मुखवटे नव्याने केलेले. आमची पुण्याकडील भावंडे त्याला कधी कधी नक्कल म्हणतात. ते खोटे नाही.

परंतु नक्कल आणि नक्कल ह्यांत फरक आहे, आणि तो आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी कित्येकांनी सेवेची अर्धी वर्षे दुसऱ्यांच्या प्रमाणपत्रांच्या प्रती साक्षांकित करण्यात घालविली आहेत. २०१४ साली केंद्र सरकारने स्वसाक्षांकनाचा पुरस्कार केल्यापासून ते काम बरेचसे संपले, तरी बोटांची सवय गेलेली नाही. खाली ‘खरी नक्कल’ असे लिहून सही ठोकताना आपण काय पाहात होतो? कागद जुना आहे की नाही हे नव्हे. मजकूर मुळाशी जुळतो की नाही, आणि प्रत आपण प्रत आहोत हे कबूल करते की नाही, एवढेच. जी प्रत स्वतःला मूळ म्हणवून घेते ती बनावट. जी स्वतःला प्रत म्हणवते ती खरी.

म्हणून पेटी बंद करण्यापूर्वी मिस्त्रीकडून पत्र्याची एक लहान पट्टी करून घेतली आणि झाकणाच्या आतल्या अंगाला रिवेटने बसविली. तिच्यावर ठशांनी अक्षरे ठोकली आहेत: ‘खरी नक्कल. भिलाई, २०२५.’ खाली सहीसाठी जागा सोडावयाची की नाही ह्यावर थोडी चर्चा झाली. मिस्त्रीने अर्धा मिलिमीटर काढला होता, भाच्याने सहा महिने घातले होते, रंगाचा निकाल सौ.नी दिला होता. शेवटी जागा सोडली नाही. ओवीखाली कोणी सही करीत नाही.